साफ पाण्याचा रंग

सासूबाईंनी आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकवर जेवढे नियम लादलेत, तेवढे तुरुंगातसुद्धा नसतील. तेलकट कढई थेट नळाखाली धरायची नाही. आधी जुन्या कागदाने पुसायची, कागद कचऱ्याच्या डब्यात, मग पाणी. तळणीचं उरलेलं तेल सिंकखालच्या बरणीत. उकळतं पाणी निवल्याशिवाय ओतायचं नाही. गाळणीतून चहाची पूड सुटली तर ज्याने चहा गाळला त्याने जाळी उचकटून ती बोटाने काढायची. पाहुण्यांनाही यातून सुटका नाही. माझी बहीण एकदा हौसेने भांडी घासायला उभी राहिली. 'तेल कुठे सोडलंस?' म्हणून सासूबाईंनी तिची अशी उलटतपासणी घेतली की ती आता आमच्याकडे आली की चहाचा कपसुद्धा उचलत नाही.

मी चिडायची. माझ्या नवऱ्याला त्याचं काही नाही. तो म्हणायचा, "आई आहे, चालायचंच." त्याला काय जातंय म्हणायला, कढई तो थोडीच घासतो!

या सगळ्याचं मूळ सासूबाईंच्या नोकरीत होतं. नळ, दाराच्या मुठी, टॉवेल अडकवायच्या दांड्या यांना क्रोमची चकाकी चढवायचा एक छोटा कारखाना आहे. तिथे त्या पाणी साफ करायच्या टाकीवर होत्या. चकाकी चढवलेला माल पाण्यात बुडवून धुतात. ते पाणी पिवळं होतं आणि त्यात विष असतं. असं पाणी तसंच रस्त्याखालच्या सार्वजनिक गटारात सोडायला बंदी आहे. आधी कारखान्यातल्या टाकीत घ्यायचं, एक पावडर घालून त्यातलं विष मारायचं, चुना घालून गाळ तळाला बसवायचा, आणि वरचं पाणी साफ झालं याची खात्री करून मगच गटाराकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. ही खात्री करणारं माणूस म्हणजे सासूबाई. कारखान्यात सगळे त्यांना टाकीवाल्या मावशी म्हणायचे.

गटारात पाणी सोडायचा परवाना तिथे भिंतीवर चौकटीत लावलेला आहे. त्यात सव्वीस अटी. त्या सव्वीसच्या सव्वीस सासूबाईंना तोंडपाठ. नववी अट अशी की घाण पाण्यात चांगलं पाणी मिसळून ते पातळ करायचं नाही. ही नववी अट त्यांनी एकदा आमच्या दूधवाल्यालाही ऐकवली होती. बारावी अट, प्रत्येक टाकीचं पाणी सोडण्याआधी काचेच्या नळीत थोडं घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी जांभळं झालं तर विष शिल्लक आहे, सोडायचं नाही. शिवाय प्रत्येक टाकीच्या पाण्याची एक बाटली तारीख लिहून फळीवर ठेवायची. आणि सतरावी अट, चुकून काही सुटलंच तर ताबडतोब फोन करून कळवायचं आणि पाच दिवसांत लेखी द्यायचं. सतरावी अट आजवर कोणी वापरली नव्हती. त्यांनीही नाही, शहरातल्या दुसऱ्या कोणीही नाही. हे नंतर कळलं.

आता डोळ्यांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं आणि त्यात माझा हात आहे.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. "मला दिसतंय," हे एकच उत्तर. दिसतंय म्हणे! मिठाच्या डब्यात साखर शोधायच्या. शेवटी मीच तारीख घेतली, मीच रजेचा अर्ज लिहिला आणि हाताला धरून दवाखान्यात नेऊन बसवलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी घरी आल्या आणि पलंगावर बसून एकदा हा डोळा मिटायच्या, एकदा तो.

"अगं, ही चादर पांढरी आहे?"

"मग कशी वाटत होती?"

"मला वाटलं पिवळट आणलीस. म्हटलं, जाऊ दे, कशाला बोला."

कशाला बोला! ज्या बाईने माझ्या बहिणीला तेलाच्या चार थेंबांसाठी रडवलं ती चादरीच्या रंगावर दोन वर्षं गप्प बसली होती. पण गंमत वाटली. त्या दिवशी आम्ही घरभर हिंडून हा डोळा, तो डोळा असा खेळ केला. भिंत, दुधाचं पातेलं, माझे केस. जुन्या डोळ्याला सगळ्यावर फिकट पिवळी झाक दिसायची. इतकी वर्षं त्यांचं जग त्या झाकेतच चाललं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली होती. आठव्या दिवशी सासूबाई कामावर हजर. मी दारात आडवी आले, तर म्हणाल्या, "टाकी भरून वाहायला आली असेल. तुझा डॉक्टर येणार आहे का उपसायला?"

मी गाडी चालवायला शिकवते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पायाने थांबवणं हाच माझा धंदा. शिकाऊ गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास एका आजोबांना उलटी गाडी घ्यायला शिकवत होते आणि ते एका कुंपणाला मनापासून जवळ करत होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन. त्या कामावरून कधी फोन करत नाहीत.

"तू गाडी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "लगेच."

"डोळ्याला काही झालं का?"

"डोळ्याला नाही. डोळ्यामुळे."

आजोबांना त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर उतरवलं आणि कारखान्यावर गेले. टाकीच्या खोलीत सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. कानाला फोन, समोर टेबलावर एक बाटली. मागे फळीवर जुन्या बाटल्यांची रांग. मी काही विचारायच्या आधीच मला दिसलं. फळीवरच्या सगळ्या बाटल्यांतलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं नितळ होतं. टेबलावरच्या बाटलीत लिंबाच्या सालीची फिकट पिवळी छटा होती.

झालं होतं ते असं. त्या रजेवर असताना पावडरीच्या पोत्याचं तोंड कुणीतरी उघडं ठेवलं होतं. ओल लागली की ती पावडर अर्धी मरते. हे मला आता माहीत आहे. मला आता नको तेवढं माहीत आहे. सासूबाईंनी नेहमीच्या मापाने पावडर घातली, चुना घातला, गाळ बसू दिला आणि नऊ वाजता वाकून पाणी बघितलं. त्यांच्या जुन्या डोळ्याला साफ पाणीही कायम किंचित पिवळसर दिसायचं. साफ पाण्याचा रंग असाच असतो, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्या सकाळी नव्या डोळ्याला पाणी किंचित पिवळसर दिसलं, म्हणजे नेहमीसारखंच. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. पाणी गेल्यावर बाटली फळीवर ठेवायला गेल्या, तेव्हा शेजारच्या बाटल्यांकडे नव्या डोळ्याने पहिल्यांदा बघितलं.

"गेलेलं पाणी चार तासांत केंद्रावर पोचतं," सासूबाई फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या. "एक वाजता. त्याच्या आत तिथे कळलं पाहिजे. त्यांच्याकडे रिकामी टाकी असते, पाणी तिकडे वळवता येतं."

केंद्र म्हणजे शहराच्या खालच्या टोकाचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. तिथल्या मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवलेले असतात आणि तेच शहराची सगळी घाण खातात. विष पोचलं की आधी ते मरतात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारखान्यातून कोणीतरी काहीतरी सोडलं, ते सगळे जिवाणू मेले, आणि तीन आठवडे शहराचं मैलापाणी जसंच्या तसं नदीत जात राहिलं. आम्ही तेव्हा नदीकाठच्या सखल गल्लीत राहायचो. ते पाणी आमच्या पिण्याच्या पाइपात शिरलं. आमची मुलगी दहा महिन्यांची होती. सतरा दिवस दवाखान्यात होती, नाकात नळी, हाताला नळी. वाचली. ज्याने सोडलं तो सापडला नाही. त्याला मी अकरा वर्षं शिव्या घालत आले. जेवताना नुसता पाण्याचा विषय निघाला तरी माझं तोंड सुटायचं. नवरा म्हणायचा, अगं जेव आता. सासूबाई मात्र कधी थांबवायच्या नाहीत. त्यावेळी त्या आत्ताच्याच कारखान्यात माल कागदात गुंडाळायच्या. मुलगी घरी आली त्याच महिन्यात त्यांनी मालकांकडे टाकीचं काम मागून घेतलं.

आणि आता त्या तासभर सतरावी अट पाळत होत्या. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"तक्रार काय आहे? गटार तुंबलंय का?" पलीकडे महापालिकेच्या तक्रार विभागातली बाई.

"तुंबलं नाही. वाहतंय, हीच तक्रार आहे."

"वाहत असेल तर तक्रार होत नाही, आजी."

"अहो, विषारी पाणी सुटलंय गटारात. केंद्राला कळवा."

"कोणी सोडलं? कुणाविरुद्ध तक्रार लिहू?"

"माझ्याविरुद्ध."

"आणि तक्रार करणारं कोण?"

"मीच."

थोडा वेळ टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "दोन्ही रकान्यांत एकच नाव कॉम्प्युटर घेत नाहीये. तुम्ही असं करा, दुसऱ्या कुणाला तरी फोन करायला सांगा."

मी फोन ओढून घेतला. माझं नाव घाला म्हटलं. तर म्हणाली, तुम्ही कुठल्या प्रभागात राहता? मी सांगितलं. म्हणाली, मग कारखाना तुमच्या प्रभागात नाही, तुम्हाला तक्रार करता येणार नाही. केंद्राचा थेट नंबर द्या म्हटलं. तो देता येत नाही, तो फक्त तातडीच्या कामासाठी असतो.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेऊन बंद केला, बाटली रुमालात गुंडाळली आणि तपासणीची पेटी पिशवीत टाकली.

"मालकांना कळवलंत?" मी विचारलं. मालक परगावी होते.

"कळवलं. म्हणाले, मावशी, दोन नळ मोकळे सोडा, पातळ होऊन जाईल वाहून."

"मग?"

"मग काय? नववी अट."

आम्ही निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते. केंद्र अर्ध्या तासावर. आता या अर्ध्या तासाचं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या, म्हणजे जिथे एरवी मी बसते तिथे, आणि त्यांच्या पायाखाली तो दुसरा ब्रेक. समोर बस दिसली की त्या घाबरून पाय रोवायच्या. पाय ब्रेकवर. गाडी कचकन उभी. मागून हॉर्न. टपावर शिकाऊ गाडीचा फलक असल्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण मला गाडी कशी चालवावी ते शिकवून जात होता. एक रिकामटेकडा तर काच खाली करून म्हणाला, "ताई, क्लच हळू सोडा." वीस वर्षं झाली मला लोकांना क्लच सोडायला शिकवून!

"आई, पाय मागे घ्या!"

"मागेच आहेत."

"मग गाडी मी थांबवतेय का?"

"मला काय माहीत? शिकवणारी तू."

तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा मला आठवलं आणि मी विचारलं, "बाराव्या अटीचं काय झालं? थेंब टाकले नव्हते?"

सिग्नल सुटला, मी निघाले.

"थेंब टाकले असते तर तेव्हाच जांभळं झालं असतं ना? रंग बघायची वेळच आली नसती. आई, मी विचारतेय."

"सकाळी टाकले," त्या म्हणाल्या. "पाणी सोडून झाल्यावर. बाटलीचा रंग दिसल्यावर. जांभळं झालं."

"सोडण्याआधी?"

"पहिली दोन वर्षं टाकत होते. रोज साफच यायचं. मग डोळ्यांनी कळायला लागलं."

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही..."

"नऊ वर्षं."

मला इतका राग आला की समोरचा रस्ता दिसेना. मी त्यांना वाटेल ते बोलले. गाळणीतून पडलेली पूड मी बोटाने काढायची, माझी बहीण आमच्या घरात भीत भीत वावरते, आणि तुम्ही स्वतः रजिस्टरात रोज 'तपासले' लिहून मोकळ्या! कुठल्या तोंडाने सांगत होतात आम्हाला? बाटली मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि नव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते ऑपरेशनमुळे असेल म्हणून मी तिकडे बघितलं नाही.

केंद्राच्या गेटवर बारा छप्पन्नला पोचलो. गेटवरच्या माणसाने वही पुढे केली. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, कोणाला भेटायचं, कशासाठी.

"जो कोणी पाणी आत घेतो त्याला भेटायचंय," सासूबाई म्हणाल्या.

"असं कोणी नाही इथे. पाणी आपोआप येतं."

"मग जो त्याला थांबवतो त्याला."

"कोणी थांबवत नाही हो. पत्र आणलंय का ऑफिसचं?"

मी वहीत 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं, 'विष आणलंय.' त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, सासूबाईंच्या हातातल्या रुमालाकडे बघितलं आणि आत फोन लावला. अकरा वर्षांत महापालिकेच्या माणसाला घाईने हललेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पाळीवरचे इंजिनिअर डबा उघडून बसले होते. बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर. सासूबाईंनी सगळं तीन वाक्यांत सांगितलं. किती पाणी, काय होतं त्यात, किती वाजता सोडलं. ते ऐकत होते, पण हातातला घास तसाच.

"लेखी आहे का काही?"

"लेखी पाच दिवसांत. तोंडी ताबडतोब. सतरावी अट."

"ती मला माहीत आहे, मावशी. पण माझ्या नोकरीत ती घेऊन आलेलं तुमच्याआधी कोणी नाही. पाणी वळवायचं तर कारण लागतं. रिकामी टाकी एकदा भरली की चार दिवस दुसऱ्या कशाला मिळत नाही. उद्या पाऊस झाला तर माझ्यावर येईल."

सासूबाईंनी पिशवीतून तपासणीची पेटी काढली, काचेची नळी काढली, बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि थेंब टाकले. एक थेंब टेबलावर पडला. नळीतलं पाणी आमच्या डोळ्यांसमोर जांभळं झालं.

इंजिनिअरांनी घास डब्यात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि फोन उचलून कोणाला तरी म्हणाले, "येणारं सगळं राखीव टाकीत घे. आत्ता. कारण नंतर."

पाणी वळलं तेव्हा एक वाजून बारा मिनिटं झाली होती. ती बारा मिनिटं इंजिनिअरांनी दोनदा मोजली. "सुरुवातीचं थोडं आत गेलं असणार," ते म्हणाले. "बाकीचं अडवलं. इतक्याने जिवाणू मरतील की नुसते आजारी पडतील, ते मला आत्ता सांगता येणार नाही."

सासूबाईंनी विचारलं, "बघू का मी ते?"

त्यांना टाकीच्या काठावर नेलं. अकरा वर्षं ज्याच्यासाठी आमच्या घरात जाळी उचकटून पूड काढली ते सासूबाईंनी कधी बघितलेलं नव्हतं. कठड्यावरून खाली वाकल्या. खाली तपकिरी, फेसाळ, बुडबुडे येणारा राडा.

"हेच का ते?"

"हेच."

"बाई गं, केवढं घाण दिसतं." मग थोड्या वेळाने, "जिवंत आहे ना?"

"आत्ता तरी आहे," इंजिनिअर म्हणाले.

ऑफिसात परत येऊन त्यांनी एक फॉर्म काढला. इतका जुना की घड्यांवर फाटला होता. 'घटनेचे कारण' अशी ओळ आली. मी हळूच म्हटलं, आई, पावडर खराब होती असं लिहा, खोटं नाहीये ते. सासूबाईंनी लिहिलं, 'पावडर खराब होती. तपासणी न करता डोळ्यांनी बघून मी सोडले.' मी कपाळावर हात मारून घेतला. त्या बाईला स्वतःची बाजू घ्यायला आयुष्यात जमलं नाही. पुढे 'घटना लक्षात आल्याची वेळ'. त्यांनी लिहिलं, दहा वाजून दहा मिनिटं. 'कळवण्याचा पहिला प्रयत्न'. दहा वाजून पन्नास मिनिटं.

इंजिनिअरांनी फॉर्म वळवून घेतला आणि वाचला.

"मधली चाळीस मिनिटं?"

"बसले होते."

"काय करत होतात?"

"बसले होते, लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. चाळीस मिनिटं, संबंधित कर्मचारी बसून होती. मी मनात हिशेब केला. तो सगळ्यांनी केला असणार. चाळीस मिनिटं आधी उठल्या असत्या तर एक थेंबही आत गेला नसता.

दोन मोठ्या टाक्यांपैकी एक आजारी पडली. नऊ दिवस तिचं काम मंदावलं, दुसरीने तिचा भार उचलला. नदीत काही गेलं नाही. खालच्या गल्लीत कोणी आजारी पडलं नाही, आणि कोणाला कळलंही नाही की पडणार होतं. कारखान्याला नोटीस आली. मालक परत आले ते हात नाचवतच आले. शहरात एवढे कारखाने, मावशी, आणि स्वतःच्या पायाने जाऊन सांगणाऱ्या तुम्हीच सापडल्या का मला? त्यांनी सासूबाईंना टाकीवरून काढून परत माल गुंडाळायला बसवलं. टाकीवर आता एक पदवीवाला आहे. तो थेंब टाकतो, कारण केंद्रातून महिन्यातून दोनदा माणूस येऊन पेटीचं सील तोडून औषध वापरलंय का बघतो.

सासूबाई घरी जास्तच त्रास द्यायला लागल्या. आता कढई पुसल्यावर कागदही दाखवायचा. एके दिवशी मी वैतागून म्हटलं की मीच एक फॉर्म छापून घेते. त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, म्हणून मी धीर करून विचारलं. तोवर विचारलं नव्हतं.

"आई, त्या चाळीस मिनिटांत काय करत होतात?"

त्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तयार नव्हत्या, त्यामुळे अजूनही एखाद्या गोष्टीकडे नीट बघायचं असलं की एक डोळा मिटायच्या. तसा मिटून माझ्याकडे बघितलं.

"बाटली बघत होते. ही ओतून देऊन नळाचं पाणी भरून ठेवलं तर कोणाला कळणार, हा विचार करत होते. कदाचित काही होणारही नाही, असंही वाटत होतं. खूप वाटत होतं."

"मग उठलात कशा?"

"कशी म्हणजे? संध्याकाळी तुझ्यासमोर जेवायला बसायचं होतं. तू त्या पाणी सोडणाऱ्याला शिव्या घालणार आणि मी शेजारी बसून भाजी वाढणार. जमलं नसतं मला."

मी कढई घासत राहिले. तोही असाच बसला असेल कुठेतरी स्टुलावर. चाळीस मिनिटं, तास, दोन तास. त्याच्या घरी संध्याकाळी ताटावर शिव्या घालणारं कोणी नसेल. त्या दिवसापासून त्याला शिव्या घालायला गेले की तोंडातच अडकतात, आणि या अडकण्याचाच मला मनस्वी राग येतो.